तळं गळावं, पण खालून

राळेगणसिद्धीचा पाझर तलाव एके काळी पाणी धरतच नव्हता. तलाव सरकारने बांधलेला, पण त्याच्या बांधातूनच पाणी निसटून जायचं. फौजेतली चालकाची नोकरी संपवून अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले. त्यानंतर गावाने हाती घेतलेल्या सुरुवातीच्या कामांत या बांधाची दुरुस्ती होती. ती श्रमदानाने झाली आणि बांधाखालच्या सात विहिरींत उन्हाळ्यातही पाणी टिकलं. असं पूर्वी झाल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं.

श्रमदानाची, निर्धाराची कथा म्हणून हा प्रसंग पुष्कळ सांगितला गेला आहे, आणि तो सांगायलाच हवा. पण यात विज्ञानाचीही एक मोठी विलक्षण गोष्ट आहे. पाझर तलाव मुळात बांधतात तोच गळण्यासाठी. त्यातून पाट काढायचा नसतो, वर्षभर पाणी साठवायचं नसतं. तळातून पाणी मुरावं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटावा, एवढंच त्याचं काम. म्हणजे राळेगणच्या दुरुस्तीने गळती बंद झाली नाही, गळतीची वाट बदलली. आधी पाणी बांधातून ओढ्याला जात होतं, आता तळातून खडकात उतरू लागलं. पाणी तेच, पाऊस तोच, आणि वाट बदलल्याबरोबर सात विहिरी भरल्या.

ही वाट कोण ठरवतं? डोळ्याला धड दिसणारही नाही अशी बारीक फट. गेले काही दिवस मी या फटीच्या मागे लागलो आहे. ती राळेगणच्या खडकात आहे, चंद्रपूरच्या कोळशात आहे, ट्रकच्या स्टेअरिंगमध्ये आहे आणि तुमच्या-माझ्या डोळ्यातही आहे. सगळीकडे शास्त्रज्ञ तिच्याशी जवळजवळ एकाच गणिताने झुंजत आहेत.

आधी खडक पाहू. राळेगणची, पारनेर तालुक्यातली ही जमीन लाव्ह्याची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि भाकऱ्यांची चवड रचावी तसा दख्खनचा बेसाल्ट रचला गेला. महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग याच खडकाने झाकलेला आहे. विहीर खणणाऱ्या माणसांना हे थर पुस्तकाशिवाय पाठ असतात: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ, मध्येच कुठे गेरूसारखा तांबडा चिकट थर. मांजऱ्या खडक छिद्राछिद्रांचा असतो. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे बाहेर पडता पडता त्यात अडकून राहिलेले असतात. इतकी छिद्रं पाहून वाटतं की पाणी यातच असणार. पण ताज्या मांजऱ्यातले बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, आणि कित्येकांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. नुसत्या छिद्रांनी पाणी चालत नाही. पाण्याला वाट लागते, आणि ती भेगांची असते. लाव्हा थंड होताना आक्रसला, तेव्हा तडे पडले. पुढे लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने वरचा खडक कुजून मुरूम झाला आणि त्यात आणखी फटी उघडल्या.

आता या फटीचं गणित. दोन सपाट पृष्ठभागांमधली फट दुप्पट रुंद झाली, तर तिच्यातून पाणी दुप्पट वाहत नाही, आठपट वाहतं. रुंदी तिप्पट झाली, तर सत्तावीसपट. प्रवाह रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. याचा अर्थ असा की एक मिलिमीटरची एकच भेग दशांश मिलिमीटरच्या हजार भेगांइतकं पाणी वाहून आणते. शेजाऱ्याच्या विहिरीला धो धो पाणी आणि आपल्या बोअरमधून नुसता फुफाटा, हे ज्यांनी सोसलं आहे त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. आपण ज्याला नशीब म्हणतो, त्यातला बराच भाग या घनाच्या नियमाचा आहे.

फटी पाणी नेतात खऱ्या, पण साठवतात फार थोडं. मुरूम आणि भेगाळ बेसाल्ट यांच्या एकूण आकारमानापैकी साधारण दोन टक्के एवढंच पाणी आपल्याला उपसता येतं. राळेगणला पाऊस वर्षाला अर्ध्या मीटरच्या आसपास. त्याचा दहावा भाग म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी खडकात मुरलं, तर विहिरीची पातळी किती वर येईल? खडकात जागाच दोन टक्के, म्हणून अडीच मीटर! पाच सेंटिमीटरला अडीच मीटर. पाणलोटाचं काम केलेल्या गावांत पहिल्याच चांगल्या पावसाळ्यानंतर विहिरी भरलेल्या दिसतात, त्याचं गुपित इथे आहे.

हाच हिशेब उलटा करा आणि धस्स होतं. उसाला वर्षभरात साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. पावसाचा अर्धा मीटर वजा केला तर दीड मीटर जमिनीतून काढावं लागेल. दोन टक्क्यांच्या खडकातून दीड मीटर पाणी काढायचं, तर त्या शेताखालचा ७५ मीटर जाडीचा, पाण्याने पूर्ण भरलेला खडक रिता करावा लागेल. आणि पाणी धरणारा मुरमाचा थर असतो बहुधा दहा-वीस मीटरचा. आकडेमोड ढोबळ आहे, पण तिचा कौल स्पष्ट आहे. राळेगणने उसासारखी पाणीपिऊ पिकं नाकारली. त्या निर्णयाकडे त्याग म्हणून पाहतात. मला तो अचूक वाटतो.

खडकातल्या या प्रवाहाचा मूळ नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हेन्री डार्सी फ्रान्सच्या दिजाँ शहराचे पाणीपुरवठ्याचे अभियंते. वाळूने भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून त्यांनी मोजमापं घेतली आणि १८५६ मध्ये नियम छापला. हे प्रयोग त्यांनी केले ते दिजाँच्या एका रुग्णालयात. त्यांच्या थोडं आधी, १८४० च्या सुमारास, पॅरिसमधले डॉक्टर प्वाझेय केसासारख्या बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून मोजत बसले होते. त्यांना जाणून घ्यायचं होतं बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं ते. गोल नळीत नियम आणखी तीव्र होतो. त्रिज्या निम्मी झाली की प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. रक्तवाहिनी किंचित आकसून शरीर एखाद्या अवयवाचं रक्त झटकन कमी-जास्त करू शकतं, ते याच बळावर. अभियंता रुग्णालयात प्रयोग करतो आणि डॉक्टर नळ्यांतून पाणी सोडतो! विषयांच्या भिंती आपण शाळेच्या वेळापत्रकासाठी घातल्या, निसर्गाने नाही.

आता शरीरातल्या ज्या फटीने मला सर्वांत जास्त थक्क केलं तिच्याकडे येतो. आपल्या डोळ्यात एक पाझर तलाव आहे.

डोळ्याच्या पुढच्या भागात एक नितळ द्रव असतो. बुबुळामागे, भिंगाच्या कडेला तो सतत तयार होतो, बाहुलीतून पुढे येतो, आणि पारपटल व बुबुळ यांच्यामधल्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. त्या कोपऱ्यात एक चाळणीसारखी सूक्ष्म जाळी आहे. जाळीतून पाझरून द्रव कड्यासारख्या एका नलिकेत जातो आणि तिथून रक्तात. आवक मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब जमायला वीसेक मिनिटं. एवढासा हा ओढा आयुष्यभर, झोपेतसुद्धा, वाहत राहतो. जाळीचा अडसर योग्य तेवढाच असावा लागतो, कारण त्यावरच डोळ्याचा दाब टिकतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा तो असला, तर डोळ्याचा गोल ताठ राहतो आणि प्रतिमा नीट पडते. जाळी फार मोकळी झाली तर डोळा सैल पडेल. ती तुंबली तर दाब चढतो आणि मागची दृष्टीची नस हळूहळू मरू लागते. हा काचबिंदू. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, आणि समोरचं दिसत असल्यामुळे माणसाला ते कळतही नाही. मोतीबिंदूचं भिंग बदलता येतं. काचबिंदूने गेलेली नजर परत आणता येत नाही.

उपचारही पाणलोटाच्या माणसाला लगेच समजतील असेच आहेत. काही थेंब द्रवाची आवक कमी करतात, काही जावक वाढवतात. लेझरने जाळी मोकळी करता येते. आणि अलीकडे तर जेमतेम एक मिलिमीटर लांबीची धातूची नळी जाळीत बसवून द्रवाला नवी वाट करून देतात. ती नळी किती रुंद ठेवायची हे ठरवताना पुन्हा प्वाझेय यांचाच नियम हाताशी लागतो.

कोळशाबद्दल थोडक्यात. राळेगणच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात कोळसा नाही. तो विदर्भात आहे, चंद्रपूर, वणी, उमरेडकडे, पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या जंगलांचा. इथल्या त्या काळच्या खडकांना गोंडवनाच्या नावाने ओळखतात. काळंकुट्ट ढेकूळ दिसतं घट्ट, पण त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या उभ्या चिरांचं जाळं असतं, आणि चिरांमधल्या भागात इतकी सूक्ष्म रंध्रं की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग कित्येक चौरस मीटर भरतो. त्या पृष्ठभागाला मिथेन चिकटून असतो. खाणकामगाराचा हा जुना वैरी. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीला पेटतो. तोच मिथेन आधी काढून घेतला तर इंधन मिळतं. त्यासाठी चिरांतलं पाणी उपसून दाब उतरवतात, मग वायू सुटतो. गंमत पुढे आहे. दाब उतरला की चिरा मिटू पाहतात. पण वायू निघून गेला की कोळसा आक्रसतो आणि चिरा उघडू पाहतात. या ओढाताणीत कोण जिंकेल यावर वायूच्या विहिरीचं भवितव्य ठरतं, आणि जगभरचे कोळसाशास्त्रज्ञ त्याचाच अभ्यास करतात. चिरा आतून पाहायला ते सीटी स्कॅन वापरतात. हाउन्सफील्ड यांनी १९७१ मध्ये लंडनला माणसाच्या मेंदूसाठी प्रथम वापरलेलं तंत्र आता दगडाच्या पोटात डोकावतं.

आणि स्टेअरिंग. राळेगणहून नगर–पुणे रस्त्याने नगरला जा, तिथे वाहननगरला संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. लष्कराची वाहनं तिथे घडतात, पारखली जातात. अवजड वाहनाचं चाक एका हाताने वळतं ते तेलाच्या दाबामुळे. स्टेअरिंगच्या दांड्यात एक बारीक पोलादी सळई असते. चालकाने जोर लावला की ती किंचित पिळली जाते. तेवढ्या पिळाने व्हॉल्व्हमधल्या एका बाजूच्या फटी उघडतात, दुसऱ्या बाजूच्या मिटतात, आणि पंपाचं तेल दट्ट्याला योग्य बाजूला ढकलतं. हात सैल सोडला की सळई सरळ होते, फटी पुन्हा सारख्या होतात. माणसाच्या इराद्याचं माप असं एका फटीत उतरतं! या व्हॉल्व्हच्या भागांमधली मोकळीक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी ठेवावी लागते, कारण तिथेही घनाचा नियम आहे. मोकळीक दुप्पट झाली तर चोरून गळणारं तेल आठपट.

या चारही फटींचा शत्रू एकच आहे, गाळ. तेलातला कचरा व्हॉल्व्ह अडकवतो. कोळशाची भुकटी चिरा बुजवते. पेशींतून सुटलेले रंगकण डोळ्याची जाळी तुंबवतात. आणि उघड्या माळावरची माती पाझर तलावाच्या तळावर बसून मुरण्याच्या वाटा लिंपून टाकते. म्हणून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे राळेगणचे नियम मला फार खोल वाटतात. गवत वाढलं की माती जागेवर थांबते, पाणी नितळ होऊन तलावात येतं आणि तळाच्या फटी उघड्या राहतात. डोंगरावरची गवताची काडी अशी खाली, अंधारात, एका मिलिमीटरच्या भेगेची राखण करते.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. वयाची चाळिशी उलटली असेल, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच, डोळ्याचा दाब आणि मागची नस डॉक्टरांकडून तपासून घ्या. दाब नेहमीचा असूनही नस खराब होऊ शकते, म्हणून दोन्ही पाहायला सांगा. आणि विहीर असेल तर पावसाळा संपताच दोरी सोडून पाण्याची पातळी मोजा, वहीत तारीख घालून लिहा, आणि रब्बीला काय पेरायचं ते तो आकडा पाहून ठरवा.