मोटार खडखडते, पण कोठे?

खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटार जात असताना पुढच्या चाकाकडून येणारा ‘टक्-टक्’ असा आवाज तुम्ही कधी ऐकला आहे काय? आमच्या शेजाऱ्यांच्या मोटारीतून तो एका पावसाळ्यात येऊ लागला. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले आहेत, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. दोन्ही बदलले, काही हजार रुपये मोजले आणि घरी येताना पहिल्याच खड्ड्यात पुन्हा ‘टक्’! खरा दोषी निघाला तो एक बोटभर जाडीचा लोखंडी दांडा. तो तासाभरात बदलून झाला. मग आधीची चूक कशामुळे झाली?

हे समजण्यासाठी पुढच्या चाकाची बांधणी पाहावी लागेल. बहुतेक लहान मोटारींत अमेरिकन अभियंता अर्ल मॅक्फर्सन याच्या नावाने ओळखली जाणारी रचना असते. ब्रिटनमध्ये १९५० साली पुढे आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या मोटारींत ती होती. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांनाही तीच होती. प्रत्येक चाकाशी एक उभा खांब असतो. खांबाच्या पोटात शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि भोवती स्प्रिंग. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण नुसती स्प्रिंग असती, तर प्रत्येक खड्ड्यानंतर मोटार झोपाळ्यासारखी झुलत राहिली असती. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, झुलण्याची ऊर्जा उष्णतेत जिरते आणि मोटार स्थिर होते.

खांबाचे वरचे टोक बॉनेटखाली एका रबरी बैठकीत बसवलेले असते. खाली लोअर आर्म नावाचा आडवा हात असतो. त्याचे आतले टोक रबरी बुशांमधून मोटारीच्या सांगाड्याला आणि बाहेरचे टोक बॉल जॉइंटने चाकाला जोडलेले असते. हा बॉल जॉइंट म्हणजे तुमच्या खांद्यातील उखळीचा सांधाच; वंगण म्हणून त्यात ग्रीस असते. रबर आणि ग्रीस शाबूत आहेत तोवर सारे गप्प असते. रबर फाटले किंवा ग्रीस गेले, की लोखंड लोखंडावर आपटू लागते.

आता एक प्रयोग करा. लांब लोखंडी कठड्याला कान लावा आणि मित्राला दुसऱ्या टोकाशी खिळ्याने हलकेच टिचकी मारायला सांगा. आवाज अगदी कानाशी झाल्यासारखा वाटेल. पोलादातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर धावतो, हवेतून जेमतेम ३४० मीटर. मोटारीचा सांगाडाही पोलादाचाच. त्यामुळे डाव्या चाकाशी झालेला ठोका कधी उजवीकडून, तर कधी थेट पायांखालून आल्यासारखा वाटतो. येथे नुसत्या कानावर भिस्त ठेवून चालत नाही. एका वेळी एकच परिस्थिती बदलायची आणि आवाजात काय फरक पडतो ते पाहायचे. प्रयोगशाळेत आपण दुसरे काय करतो?

आमच्या शेजाऱ्यांचेच उदाहरण घ्या. पुढच्या दोन चाकांना जोडणारा स्टॅबिलायझर नावाचा एक वाकवलेला दांडा असतो. वळणावर मोटार एका बाजूला फार कलू नये हे त्याचे काम. त्याची दोन्ही टोके लहान लिंक रॉडनी चाकांच्या बाजूला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली, तर हा दांडा नुसता आपल्या जागी फिरतो, पिळला जात नाही. लिंक रॉडवर फारसा ताण येत नाही. एकच चाक उचलले गेले, तर मात्र दांडा पिळला जातो आणि लिंक रॉडचा सांधा झिजलेला असेल तर तो ठोका देतो. म्हणून मोठ्या माणसाने मोकळ्या रस्त्यावर, अगदी सावकाश, आधी गतिरोधकावरून दोन्ही चाके एकदम न्यावीत. मग एकच चाक चढेल अशी मोटार न्यावी. शेजाऱ्यांची मोटार पहिल्या वेळी गप्प होती आणि दुसऱ्या वेळी खडखडली. एवढे केले असते, तरी शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खर्च वाचला असता!

ब्रेक लावताना किंवा मोटार सुरू होताना एकच जड ‘धप्’ ऐकू येत असेल, तर लोअर आर्मच्या बुशांचा संशय घ्यावा, कारण त्या वेळी चाक मागे-पुढे ओढले जाते. उभ्या मोटारीचे स्टिअरिंग फिरवताना कुरकुर होत असेल, तर खांबाची वरची बैठक पाहावी.

सर्वांत गंभीर बाब बॉल जॉइंटची. त्यावरची रबरी टोपी फाटली, की पावसाचे पाणी आणि धूळ आत शिरते आणि सांधा झिजत जातो. अखेरीस गोळी उखळीतून निसटली, तर चाक आडवे पडते आणि चालती मोटार ताब्यात राहत नाही. तपासण्यासाठी मेकॅनिक मोटार उचलून, स्टँडवर टेकवून, चाक घड्याळातील १२ आणि ६ च्या जागी धरून हलवतो. ते डुगडुगले तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगतो. डुगडुग थांबली तर दोष बहुधा बेअरिंगचा. तशीच राहिली तर बॉल जॉइंट किंवा त्याच्याजवळचा सांधा पाहायचा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली मात्र कोणीही, कधीही शिरू नये.

काही जण कुरकुरणाऱ्या बुशावर इंजिनाचे तेल सोडतात. आवाज दोन दिवस थांबतोही! पण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. रबर बँड थोड्या रॉकेलमध्ये एक दिवस बुडवून ठेवा (मोठ्यांच्या देखत आणि चुलीपासून दूर) आणि न बुडवलेल्या रबर बँडशी ताडून पाहा.

नवा बुश बसवतानाही एक खुबी आहे. मोटार उचललेली असताना चाक खाली लोंबत असते. त्याच स्थितीत बोल्ट पक्का आवळला आणि मोटार खाली उतरवली, तर बुशातले रबर जन्मापासूनच पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून जाणता मेकॅनिक बोल्ट आधी हलकेच लावतो, चाकांवर मोटारीचा भार येऊ देतो आणि मगच पान्याचा शेवटचा आवळा देतो.