दुसऱ्याची म्हैस आपल्या दाव्याला

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती फूट?" कशाचे फूट, हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं गाड्या उंचावर नेऊन लावतात, सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात जायला निघतात आणि प्रयाग चिखली, आंबेवाडीच्या गोठ्यांत दावी सुटायला लागतात.

२००५, २०१९, २०२१ आणि २०२४. वीस वर्षांत चार मोठे पूर पाहिले. पाणी कुठवर चढलं, किती घरं पडली, किती पंचनामे झाले, हे सगळं दफ्तरात आहे. या चार पुरांत माणसं एकमेकांशी कशी वागली आणि त्या वागण्यात कसकसा फरक पडत गेला, ते मात्र ज्याच्या त्याच्या आठवणीतच राहिलंय. त्यातलं माझ्या डोळ्यांसमोरचं तेवढं सांगतो.

२००५ च्या पुरानं आम्हाला एक चुकीचा भरवसा देऊन ठेवला. पाणी जिथवर आलं, तिथं लोकांनी भिंतींवर खुणा केल्या आणि पुढची चौदा वर्षं त्या खुणा म्हणजे नदीची हद्द असं धरून चालले. ऑगस्ट २०१९ मध्ये "२००५ ला इथं आलं नव्हतं" असं म्हणत कितीतरी कुटुंबं घरातच थांबली आणि रात्रीत अडकली. त्या वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. तिकडं कृष्णेनं सांगली बुडवली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. ट्रकांची रांग मैलोन् मैल उभी राहिली आणि त्यांतल्या परमुलखातल्या ड्रायव्हर-क्लीनरांना आजूबाजूच्या गावांनी दिवसच्या दिवस जेवू घातलं.

आमची गल्ली उंचावर. पाणी आलं नाही, पण नळही आला नाही, कारण उपसा केंद्रंच बुडाली होती. टँकरच्या पाण्यातच पिठं मळली गेली. गल्लीतल्या बायकांनी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तीनेकशे भाकरी थापल्या. तव्यावरून उतरली की चवडीवर, चवड की पिशवीत, पिशवी की टेम्पोत, अशी सगळी घाई. टेम्पो शिरोळच्या वाटेवर निम्मा दिवस अडकला. पोहोचेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वाफ धरून भाकरी चिकट झाल्या होत्या, वास मारत होत्या. पोरं परत आली ती मान खाली घालून. शेजारच्या आजी एवढंच म्हणाल्या, "गरम भाकरी कोंडायची नसती, बाळांनो."

दुसऱ्या दिवशी गल्लीत जुनी नऊवारी लुगडी अंथरली गेली. त्यावर एकेक भाकरी सुटी पसरायची, गार होऊ द्यायची, मग वर्तमानपत्रात दहा-दहा बांधायच्या. भाजी बंद. सोबत खर्डा आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. मग सोलापूरकडून पोती आली, ती कडक भाकरीची. पातळ, खडखडीत, कितीही दिवस टिकणारी. भुकेल्यापर्यंत पोहोचेल असं अन्न कोणतं, हे दुष्काळाच्या मुलखातल्या बायकांना आमच्याआधी ठाऊक होतं. त्याच आठवड्यात, १२ ऑगस्टला, बकरी ईद होती. अनेक मुस्लिम कुटुंबांनी कुर्बानीसाठी बाजूला ठेवलेले पैसे पूरग्रस्तांसाठी दिले.

मदत सगळीच अशी नव्हती. पाणी ओसरल्यावर गाड्या भरभरून जुने कपडे आले. फाटक्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट, लग्नातले झगझगीत झगे. शाळेच्या व्हरांड्यात त्यांचे ढीग पडून भिजले आणि शेवटी चिखलाबरोबर तेही उचलावे लागले. घर गेलेल्या एका बाईनं मला विचारलं होतं, "दादा, आम्ही बुडालोय, पण भिकारी झालोय का?" देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला मान्य आहे. तरी त्या बाईचं बरोबर होतं, असंच मी आजही म्हणेन. तिला हवं होतं खराटा, फावडं, फिनेल, पोरींसाठी पॅड आणि धाकट्याची चौथीची पुस्तकं.

आता मामांच्या गोठ्याचं सांगतो.

मामांचं गाव करवीर तालुक्यातच, पण माळावर. २०१९ च्या त्या पावसात चिखलीचा एक माणूस तीन म्हशी आणि एक रेडकू घेऊन चालत त्यांच्या दारात आला. ओळख नाही, नातं नाही. चार ठिकाणी विचारून पाचव्या दारात उभा. मामांनी त्याला नाव विचारायच्या आधी म्हशी किती ते विचारलं. आपली बैलजोडी सोप्यात बांधली आणि गोठा त्या म्हशींना मोकळा करून दिला. तेरा दिवस ती जनावरं तिथं होती. पूरग्रस्त माणसाला चार दिवस जेवू घालणं त्या मानानं सोपं. म्हशीला रोज वैरण लागते, आणि त्या दिवसांत वैरण सोन्याच्या मोलाची झाली होती. नदीकाठचा ऊस कुजला होता, वाडं मिळत नव्हतं. मामांनी स्वतःच्या जनावरांसाठी रचून ठेवलेली कडब्याची गंज काढली. दूध संकलन बंद पडलं होतं, म्हणून म्हशींचं दूध शाळेतल्या निवारा केंद्रात पोरांना जायचं.

जाताना त्या माणसानं कोपरीच्या खिशातून भिजून वाळलेल्या नोटा काढल्या. मामा म्हणाले, "पावणं, वैरणीचं पैसं घेटलं तर फुडच्या टायमाला तुमी याल का?" मला या वाक्याची किंमत फार वाटते. पुन्हा पूर येणार हे मामांनी धरलं होतं. पुन्हा यायला त्या माणसाला संकोच वाटू नये, याची सोय त्यांनी आत्ताच करून ठेवली.

२०२० मध्ये टाळेबंदीत मामांच्या गावानं वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. बाहेरच्या कुणाला आत येऊ देत नव्हते. एका सकाळी त्या काट्यांपलीकडं एक पोतं ठेवलेलं सापडलं. आत तांदूळ होते आणि वर कागदावर मामांचं नाव. ठेवणारा चिखलीचा होता. फांदीपलीकडूनच हात करून निघून गेला म्हणे.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांच्याही वर गेली, २०१९ पेक्षा जास्त. कोरोना होताच. एका हॉलमध्ये दोनशे माणसं ठेवायची सगळ्यांनाच धास्ती, त्यामुळं बरीच कुटुंबं पै-पाहुण्यांकडं गेली. यावेळी म्हशी ३९ फुटांनाच निघाल्या, आदल्या रात्री फोन करून. आमच्या गल्लीतही फरक दिसला. जुन्या कपड्यांचं आवाहन कुणी केलंच नाही. पोरांनी आधी दोन गावांत फोन करून काय पाहिजे ते लिहून घेतलं, आणि पाणी उतरल्यावर खराटे, फावडी, पाण्याचा पंप घेऊन गेली. गॅरेजवाला एक मेस्त्री आठवडाभर नदीकाठच्या गल्लीत बसून बुडालेल्या दुचाकी खोलत होता. फक्त ऑइलचे पैसे घ्यायचा. २०२४ च्या जुलैत पाणी ४७ फुटांवर गेलं तेव्हा तर मामांनी कुणी विचारायच्या आधीच गोठा झाडून ठेवला होता.

या सगळ्याचं कौतुक करताना एक गोष्ट मनात सलते. १९८९ च्या पुरानंतर चिखलीकरांना सोनतळीला जागा मिळाली. तरी आजही गाव पावसाळ्यात उठतं आणि परत नदीकाठी येतं, कारण शेत तिथं, गोठा तिथं. शहरात पूररेषेच्या आत इमारती उभ्या राहतच गेल्या. लोकांच्या माणुसकीवर भार टाकून प्रशासनानं आपलं काम पुढं ढकलावं, हे मला पटत नाही. मामांची कडब्याची गंज दर दोन वर्षांनी निम्मी होते, आणि मामा आता सत्तरीला आलेत.

तेव्हा मागणं दोनच. पुढच्या वेळी मदत पाठवायची असेल तर गाडी भरायच्या आधी त्या गावात एक फोन करा, काय हवंय ते विचारा. आणि ज्यांचे गोठे उंचावर आहेत, त्यांनी मृगाआधी दोन-चार दावी मोकळी ठेवा.