अणुगर्भाचा आकार कसा कळतो?

फळ्यावर अणूचे चित्र काढताना आपण शिक्षक मंडळी मधोमध एक वाटोळा ठिपका देतो आणि सांगतो, हा अणुगर्भ. यात प्रोटॉन व न्यूट्रॉन असतात. ठिपका सोयीचा खरा. पण सगळेच अणुगर्भ काही लिंबासारखे गोल नसतात. पुष्कळसे नारळासारखे लांबट असतात. असे का होते, याचा उलगडा १९५० च्या सुमारास रेनवॉटर, ऑगे बोर व मॉटेलसन यांनी केला आणि १९७५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही थोडे अणुगर्भ तर एका टोकाला फुगीर व दुसऱ्या टोकाला निमुळते, म्हणजे नासपतीच्या फळासारखे असावेत, असाही कयास होता.

पण हे पाहायचे कसे? अणुगर्भ अणूहून हजारो पटींनी लहान. सूक्ष्मदर्शकाचे तिथे काम नाही. शिवाय असे अणुगर्भ टिकत नाहीत. रेडियम-२२४ चा साठा सुमारे ३.६ दिवसांत निम्मा होतो, तर रेडॉन-२२० चा एका मिनिटाच्या आतच! तेव्हा ते ताजे तयार करायचे आणि लगेच वापरायचे.

जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील 'आयसोल्ड' हा विभाग १९६७ पासून हेच करीत आला आहे. तेथे युरेनियमयुक्त पदार्थावर वेगवान प्रोटॉनांचा मारा करतात. युरेनियमच्या अणुगर्भाचे तुकडे उडून नाना जातींचे अणुगर्भ निर्माण होतात. त्यांतले हवे ते, सुपाने धान्य पाखडावे तसे, चुंबकाच्या साहाय्याने निवडतात आणि त्यांचा झोत, प्रकाशाच्या सुमारे ८ टक्के वेगाने, धातूच्या पातळ पत्र्यावर सोडतात.

कुंभाराकडून मडके घेताना आपण ते फोडून पाहत नाही. टिचकी मारून नाद ऐकतो. इथेही तसेच. झोतातला अणुगर्भ पत्र्यातल्या अणुगर्भाजवळून जातो. दोघेही धन विद्युत्‌भाराचे, म्हणून ते एकमेकांवर आदळत नाहीत. पण जाता जाता विजेचा धक्का बसतो. त्याने चाळवलेला अणुगर्भ शांत होताना गॅमा किरण सोडतो. कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले हे मोजले, की आकाराचा हिशेब मांडता येतो. २०१३ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की रेडियम-२२४ ने नासपतीचा आकार पक्का धरला आहे. रेडॉन-२२० मात्र त्या आकाराकडे नुसता हेलकावे खातो.

कोणी विचारील, याचा उपयोग काय? विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखेच निर्माण झाले असावे, असे मानतात. ही दोन्ही भेटली की एकमेकांना नाहीसे करतात. मग ही माती, ही पिके, आपण माणसे उरलो कशी? निसर्गनियमांत कुठेतरी बारीकसा पक्षपात असला पाहिजे. तो असेल, तर अणूतला विद्युत्‌भार किंचित एका अंगाला सरकलेला दिसेल. आणि नासपतीसारख्या अणुगर्भात ही खूण शेकडो पटींनी ठळक व्हावी, असे गणित सांगते. ती खूण अद्याप कोणाला सापडलेली नाही. पण ती कोणत्या जातीच्या अणूंत शोधावी आणि कोठे श्रम वाया घालवू नयेत, एवढे या टिचकीने कळले आहे.