सामाजिक सुरक्षा : दया की हक्क?

सामाजिक सुरक्षा म्हणजे सरकारचा दानधर्म, असा समज आपल्या सुशिक्षितांतही रूढ आहे. ब्रिटनचा इतिहास तो खोडून काढतो. मदत मागणाऱ्या धडधाकट गरिबाने श्रमगृहात यावे, असा तेथील १८३४ च्या गरीब कायद्याचा आग्रह होता. भाकरी मिळे, अब्रू जाई. १९३१ पासून बेकाराला मदत देण्यापूर्वी घरातल्या साऱ्यांची मिळकत मोजली जाऊ लागली.

विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालाने वेगळा पाया घातला. कामगार, मालक व सरकार यांनी वर्गणी भरायची. बेकारी, आजार, वैधव्य, म्हातारपण यांत ठरलेली रक्कम मिळायची. त्यासाठी गरिबी सिद्ध करायची नाही. १९४६ पासून दुसऱ्या व पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला पाच शिलिंग मिळू लागले. पुढे बाळंतपणाला आणि अंत्यविधीलाही अनुदान आले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. गरीब कायदा त्याच दिवशी संपला.

पण हक्क कोणाचा? त्याच्या दोनच आठवडे आधी ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून कॅरिबियन बेटांवरची माणसे ब्रिटनमध्ये उतरली होती. त्यांच्यासारख्या हजारोंनी इस्पितळांत, बसगाड्यांवर राबून वर्गणी भरली. त्यांतल्या अनेकांना कागद नाहीत म्हणून उपचार, भत्ते व नोकऱ्या नाकारल्याचे २०१८ मध्ये चव्हाट्यावर आले. अनेकांच्या आगमनाची कार्डे तर गृहखात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती.

हक्क कायद्यात लिहिला, एवढ्याने भागत नाही. नोंदवही कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते. गावकुसाबाहेर वाढलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.