रापणीचा दोर

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर पहाटे पोचलो तेव्हा होडी पाण्यात गेली होती. मतलई वारा अजून वाहत होता. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे जाणारा हा वारा किनाऱ्याजवळचं पाणी शांत ठेवतो, आणि रापणीला असंच पाणी हवं असतं. ऊन चढलं, वारा फिरला, की लाटा जाळं उचलू लागतात आणि खालून मासा निसटतो.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोराचं एक टोक वाळूत उभ्या असलेल्या माणसांच्या हाती ठेवून होडी निघते. आधी दोर सोडते, मग जाळं सोडत अर्धवर्तुळ काढते आणि दुसरा दोर घेऊन दूर अंतरावर किनाऱ्याला लागते. जाळ्याच्या वरच्या काठाला तरंगणारे बोये, खालच्या काठाला वजनं. मधल्या भागाचे आस बारीक, कारण शेवटी सगळा मासा तिथेच येऊन साठतो. एवढं झालं की माणसांचे दोन जथे दोन्ही दोर ओढू लागतात.

मी डावीकडच्या दोराला हात लावला. शेजारच्या म्हाताऱ्या रापणकराने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोराक हात लायलात, आता मधीच सोडू नकात."

त्याचं म्हणणं का खरं होतं ते पाच मिनिटांत कळलं. दोर बाहूंच्या ताकदीने येत नाही. अंग मागे टाकायचं, टाचा वाळूत रोवायच्या आणि सगळ्यांनी एका लयीत उलटं चालायचं. मागे चालता चालता किनाऱ्याच्या वरच्या अंगाला पोचलं, की शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पाण्यापाशी जातो आणि सर्वांच्या पुढे दोर धरतो. अशी ही माणसांची साखळी सतत फिरत राहते. एक पोरगा मागे बसून येणारा ओला दोर वेटोळ्यांत रचत होता. त्या कामाकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण दोर गुंतला तर उद्याची रापण सकाळी निघत नाही.

पाऊण तास काहीच दिसलं नाही. नुसता दोर येत राहिला, खारट, जड, तळव्यांना कापणारा. दोन्ही जथे ओढता ओढता एकमेकांकडे सरकत होते, म्हणजे जाळ्याचं तोंड मिटत होतं. सरकायच्या वाटेवर पाण्यातल्या खेळांच्या दोन नौका वाळूत ओढून ठेवलेल्या होत्या. दोर त्यांच्यावरून उचलून न्यावा लागला. तेवढ्या वेळात एका बाजूची ओढ सैल पडली आणि समोरच्या जथ्यातून आरडाओरडा झाला. दोन्ही दोर सारखे आले नाहीत तर जाळं तिरकं होतं, आणि तिरक्या जाळ्यात मासा टिकत नाही.

मग बोये दिसले. दोघेजण छातीभर पाण्यात शिरले. एक जण पायांनी जाळ्याचा खालचा काठ तळाला दाबून धरत होता, दुसरा हातांनी पाणी बडवून मासा आत वळवत होता. शेवटच्या वीस हातांत कुणी बोललं नाही. जाळं उथळ पाण्यात आलं आणि आतलं पाणी चांदीसारखं हलू लागलं.

पेडवे. बहुतेक सगळे पेडवेच. थोडे बांगडे, मूठभर मुडदुसे, दोन-तीन कुर्ल्या आणि बरीच जेलीफिश. टोपल्या घेऊन थांबलेल्या बायकांपैकी एकीने वाकून पाहिलं. "बांगडो नाय गे," ती दुसरीला म्हणाली, आणि दोघी पेडवे निवडायला बसल्या.

विक्री झाल्यावर वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, मग माणसागणिक वाटा. अंथरुणाला खिळलेल्या एका जुन्या भागीदाराचा वाटाही वेगळा काढला गेला, त्यावर चर्चा झाली नाही. मला रापणीची ही बाजू सर्वांत मोठी वाटते. यांत्रिक नौकेत माणूस बहुतेकदा मजुरीने जातो. रापणीत दोर धरणारा भागीदार असतो.

पण रापण माशामागे जात नाही. मासा किनाऱ्याला येईल तेव्हाच तिचं काम. पर्ससीन नौका बांगडा-तारलीचे थवे खोल पाण्यातच गाठतात, थव्याभोवती जाळं टाकून त्याचा तळ दोराने आवळतात आणि अख्खा थवा उचलतात. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. २०१६ मध्ये पर्ससीनवर बंधनं आली, २०२१ मध्ये कायद्यात सुधारणा होऊन दंड वाढले. तरीही या किनारपट्टीवर पारंपरिक मच्छीमारांचा झगडा थांबलेला नाही. माझ्या मते त्यांची बाजू न्याय्य आहे. समुद्रात शिरकाव कुणाचा आधी, एवढ्यापुरतं मी हे म्हणत नाही. किनाऱ्यावर थांबून राहणाऱ्याच्या वाट्याचा मासा वाटेतच उचलला, तर त्याच्याजवळ दुसरा उपाय नाही.

निघताना म्हाताऱ्याने बारा-पंधरा पेडवे केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले. "ह्यो तुमचो वाटो. घेवा." मी नको म्हणालो, तर त्याला ते आवडलं नाही. दोर ओढलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, हा तिथला नियम आहे.

मालवणला, तारकर्लीला, देवबागला जाणाऱ्यांना आणि तिथे व्यवसाय करणाऱ्यांना एकच विनंती आहे. रापणीला दोन दोरांमधली वाळू मोकळी लागते. रापण ओढून होईपर्यंत तिथे खुर्च्या मांडू नका, नौका लावू नका.