जामखेड : गावातून घडलेलं नेतृत्व

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आधी गावोगावी परिचारिका नेमून पाहिल्या, पण ते जमलं नाही. मग ठरलं, की आरोग्यसेविका गावानेच आपल्यातून निवडायची. निवडून आलेल्यांपैकी बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक जणी दलित वस्तीतल्या. त्यांना बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाबावर घरगुती मीठ-साखरेचं पाणी हे सगळं शिकवलं गेलं. पण त्याहून मोठं शिक्षण होतं ते निर्भयपणे बोलण्याचं. चारचौघांत स्वतःचं नावही न सांगणाऱ्या बाईला सरपंचासमोर उभं राहायचं होतं! वेगवेगळ्या जातींच्या या बायका प्रशिक्षणात एकत्र राहत, एकत्र जेवत.

हे शिक्षण एका शिबिरात आटोपलं नाही. सेविका पुन्हा पुन्हा केंद्रावर येत, गावातली अडचण मांडत आणि एकमेकींकडून उपाय शिकत. तीन दिवसांची कार्यशाळा घेऊन प्रमाणपत्रं वाटणाऱ्या संस्थांनी हा भाग नीट पाहायला हवा. नेतृत्व मुरायला वर्षं लागतात, आणि तेवढा काळ सोबत करणारं कुणीतरी लागतं.

आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे प्रकल्पाची धुरा त्यांची कन्या डॉ. शोभा आरोळे यांनी घेतली. देशविदेशांतून जामखेडला शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना धडे देणाऱ्यांत याच आरोग्यसेविका असतात.