जास्वंदीवरचा पांढरा कापूस

चेन्नईतल्या वेलचेरीत कंपाउंडशेजारी पपई किंवा जास्वंद लावलेली असेल, तर पानांमागे आणि कळ्यांच्या बेचक्यात एकदा बघा. कापसासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती बुरशी नव्हे, तो पिठ्या ढेकूण! या कुळातल्या माद्यांना पंख नसतात. अंगावर मेण पांघरून, सोंड खुपसून त्या रस पीत बसतात. नराला पंख असतात, पण मोठेपणी तोंडच नसतं. बिचारा उपाशीच मरतो.

पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो 2008 मध्ये आपल्याच तमिळनाडूत, कोइम्बतूरला सापडला. पपई, तुती, टॅपिओका, सगळ्यांवर तुटून पडला. 2010 पर्यंत पुण्याच्या पपईबागांतही पोचला. औषधं मारून फारसं साधेना, कारण मेणावरून फवारा ओघळून जातो. अखेर 2010 मध्ये बंगळूरच्या कृषी कीटक ब्युरोने पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणवल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपाये ही तर जेमतेम ठिपक्याएवढी! ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते. काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली. माझ्या मते आपल्याकडच्या जैविक नियंत्रणातली ही सगळ्यात देखणी कामगिरी.

म्हणून कुंडीत चार ढेकूण दिसले की लगेच जहाल औषध नको, त्यात ही गांधीलमाशीही मरते. पाण्याचा जोरदार फवारा मारा, उरलेले जुन्या टूथब्रशने काढा. आणि खोडावरच्या मुंग्या आधी हटवा: ढेकणांच्या गोड चिकट स्रावासाठी त्या माशीला हुसकावून लावतात.